भेदरलेल्या कुत्र्याला धाक नको

२००७ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू मायकेल व्हिकच्या व्हर्जिनियातल्या जागेतून झुंजीसाठी पाळलेले पन्नासेक पिटबुल सोडवले गेले. त्यांना मारून टाका, असं काही प्राणिमित्र संघटनाच म्हणत होत्या. सुदैवाने न्यायालयाने ते ऐकलं नाही. २२ कुत्रे यूटामधल्या ‘बेस्ट फ्रेंड्स’ संस्थेत गेले.

त्यांतले अनेक हिंस्र नव्हते, भेदरलेले होते.

अशा कुत्र्यापासून लांब बसावं, नजर रोखू नये, खाऊ टाकावा; तो आपणहून पुढे आला तरच अंतर कमी करावं. माणूस दिसला की काहीतरी चांगलं मिळतं, हे त्याच्या मनात हळूहळू रुजतं. दटावणीने भीती दुणावते. गुरगुरणं दाबलं, तर कुत्रा इशारा न देताच चावू शकतो. व्हिकच्या जागेतून सोडवलेल्यांपैकी काही तर पुढे थेरपी डॉग, म्हणजे रुग्णांना धीर देणारे कुत्रे झाले. दत्तक आणलेलं कुत्रं पलंगाखाली लपलं, तर त्याला ओढून बाहेर काढूच नये.