स्थापत्य अभियंत्याला इंग्रजी किती आणि कशासाठी?

शिवडी ते न्हावा-शेवा या सागरी सेतूचे लोकार्पण १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या या सेतूला जपानचे अर्थसाहाय्य लाभले होते आणि त्याच्या उभारणीत भारतीय कंपन्यांच्या जोडीला जपानी व कोरियन कंपन्याही होत्या. जपानी अभियंत्याची मातृभाषा जपानी, कोरियन अभियंत्याची कोरियन, रायगड-ठाण्याकडच्या पर्यवेक्षकाची मराठी, तर मजूर देशाच्या नाना प्रांतांतून आलेले. अशा प्रकल्पांत या सर्वांना एकत्र बांधणारी करारपत्रांची, आराखड्यांची आणि पत्रव्यवहाराची भाषा असते इंग्रजी. आणि ती त्यांच्यापैकी जवळजवळ कोणाचीच मातृभाषा नसते!

इंग्रजीविषयी आपल्याकडे जो वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यात ही साधी गोष्ट बहुधा नजरेआड होते. एका बाजूला, मुलाला बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात घातल्याखेरीज त्याचा तरणोपाय नाही असे मानणारे पालक आहेत. दुसऱ्या बाजूला, इंग्रजीचे नाव काढताच मॅकॉलेचे १८३५ चे टिपण आठवून ती भाषा शिकणे म्हणजेच मानसिक दास्य, असे समजणारे भाषाभिमानी आहेत. दोघांच्याही निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या दोन टोकांच्या मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकून तंत्रनिकेतनाच्या पायऱ्या चढणारा विद्यार्थी उभा आहे आणि त्याच्या हाती दोघेही काही देत नाहीत.

या विद्यार्थ्याची अवस्था काय होते? दहावीपर्यंत गणित-विज्ञानात चमकलेला हा मुलगा पहिल्याच सहामाहीत गोंधळून जातो. ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ या दोन शब्दांना शब्दकोशात ‘ताण’ हा एकच अर्थ सापडतो. वास्तविक पहिला शब्द पदार्थाच्या अंतर्भागात एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या बलाचा, तर दुसरा त्या बलामुळे होणाऱ्या आकारबदलाच्या प्रमाणाचा. मराठीत पाच मिनिटांत समजावून सांगता येईल असा हा भेद न समजल्यामुळे तो व्याख्या पाठ करतो आणि कसाबसा उत्तीर्ण होतो. आपल्याला अभियांत्रिकी जमत नाही, अशी त्याची समजूत होऊन बसते. वस्तुतः त्याला अभियांत्रिकी कोणी त्याच्या भाषेत शिकविलेली नसते आणि इंग्रजीही कोणी त्याच्या कामाच्या दृष्टीने शिकविलेली नसते.

हा प्रश्न आजचा नाही. मुंबई इलाख्यात १८४७ साली शिक्षण मंडळातच यावर मोठा वाद झाला होता. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजी माध्यमाचे कैवारी. त्यांच्या विरोधात देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले ते जॉर्ज जर्व्हिस. हे जर्व्हिस पेशाने लष्करी अभियंते होते, हे विशेष. १८२० च्या दशकातच त्यांनी मुंबईत देशी मुलांना गणित, भूमिती व मोजणी शिकविण्यासाठी मराठी पुस्तके सिद्ध करविली होती. जगन्नाथ शंकरशेट आणि मंडळाचे अन्य भारतीय सदस्य या वादात जर्व्हिस यांच्या बाजूचे होते. त्यांच्यापैकी कोणीही इंग्रजीचा शत्रू नव्हता. ज्ञान बहुजनांपर्यंत जायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच जाईल, एवढाच त्यांचा आग्रह होता. पुढे उच्च शिक्षणात इंग्रजीचाच वरचष्मा राहिला. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकामांसाठी कर्मचारी घडविण्याकरिता जो अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला, त्याचेच पुढे विख्यात अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. तेलुगु मातृभाषेचे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेथेच शिकले आणि खडकवासल्याच्या जलाशयावर १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवून त्यांनी आपल्या बुद्धीची प्रभा दाखविली. इंग्रजी हे त्यांचे साधन होते आणि त्या साधनावर त्यांचे पूर्ण प्रभुत्व होते.

जपानचा दाखला येथे उद्बोधक ठरावा. टोकियोत १८७३ साली सुरू झालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे सूत्रधार हेन्री डायर हे स्कॉटिश गृहस्थ होते आणि अध्यापन इंग्रजीतून चाले. तेथून १८८३ साली बाहेर पडलेल्या तानाबे साकुरो या तरुणाने बिवा सरोवराचे पाणी क्योटोपर्यंत नेणारा कालवा उभारला; तो १८९० मध्ये पूर्ण झाला. जपानने परक्यांची विद्या परक्यांच्या भाषेतून घेतली. पण ती घेतल्यावर तेथेच न थांबता स्वभाषेत आणली. पुढच्या पिढ्या जपानीतून अभियांत्रिकी शिकल्या आणि त्याच देशाचे शिंकान्सेन तंत्रज्ञान आज मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या वेगवान रेल्वेमार्गासाठी आपण घेत आहोत. आपण मात्र पहिल्या पायरीवरच रेंगाळलो. विद्या इंग्रजीतून घेतली, ती इंग्रजीतच ठेवली आणि तिला प्रतिष्ठेचे सोवळे नेसविले.

आता प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी इंग्रजी नेमकी कोठे लागते, ते पाहू. बोलताना फारशी लागत नाही. परांचीवर चढलेल्या गवंड्याशी कोणी इंग्रजीत बोलत नाही. ओळंबा, गुण्या, पाणसळ, थापी, घमेले, जोते, गिलावा, कोबा, दर्जा ही मराठी शब्दसंपत्ती आणि सेंटरिंग, स्लॅब, कॉलम, कव्हर, रिंग हे मराठीत रुळून गेलेले पाहुणे यांवर तेथील व्यवहार सुरळीत चालतो. इंग्रजी लागते ती कागदावर आणि तेथे ती विलक्षण काटेकोर असते. भारतीय मानकांत ‘शॅल’ असेल तेथे ती सक्ती असते, ‘शुड’ असेल तेथे शिफारस. शाळेच्या व्याकरणात हे दोन शब्द एका ओळीत पाठ केलेले असतात. कार्यस्थळी त्यांच्यातील अंतर म्हणजे करारभंग आणि करारपालन यांतील अंतर. ‘मेक गुड’ या दोन सोप्या शब्दांचा करारातील अर्थ ‘दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देणे’ असा होतो, हे कोणत्या शालेय पुस्तकात शिकवितात?

सल्लागार अभियंत्यांची ‘फिडिक’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९१३ पासून कार्यरत आहे. तिच्या नमुना करारअटी जगभरच्या मोठ्या प्रकल्पांत वापरल्या जातात. तिच्या १९९९ च्या लाल पुस्तकात अशी अट आहे की, कंत्राटदाराला मुदतवाढ वा वाढीव रक्कम मागावयाची असेल, तर कारण कळल्यापासून २८ दिवसांच्या आत त्याने लेखी सूचना दिलीच पाहिजे. न दिल्यास हक्क संपला! २०१७ च्या आवृत्तीतही २८ दिवसांची ही मर्यादा कायम राहिली. काम उत्तम केले, नुकसानही खरे झाले. पण चार ओळींचे पत्र वेळेवर लिहिता आले नाही म्हणून हक्काच्या रकमेवर पाणी सोडावे लागले, असे एखाद्या होतकरू मराठी उद्योजकाचे होऊ शकते. त्या चार ओळींना अलंकार नकोत, उच्चारांची ऐट नको; दिनांक, घटना, परिणाम आणि कलमाचा क्रमांक एवढे पुरते.

पैशाचे नुकसान भरून तरी येते. प्राणाचे येत नाही. साध्या व प्रबलित काँक्रीटविषयीच्या आय. एस. ४५६ या मानकाच्या २००० च्या आवृत्तीत साचे केव्हा काढावेत, याचे कोष्टक आहे. सर्वसाधारण सिमेंट आणि १५ अंशांखाली न जाणारे तापमान गृहीत धरून तेथे स्लॅबच्या तळाच्या साच्यासाठी ३ दिवस दिले आहेत. पण त्याच ओळीत कंसात म्हटले आहे की, साचा काढताच टेकू तत्काळ पुन्हा लावावेत. टेकूंसाठी वेगळी मुदत आहे : साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. आता ज्याला इंग्रजी आकडे वाचता येतात पण कंसातील वाक्य उमगत नाही, असा पर्यवेक्षक ‘स्लॅब, तीन दिवस’ एवढेच वाचून टेकूंसह सारे सेंटरिंग उतरविण्याची आज्ञा देऊ शकेल. त्या कोवळ्या स्लॅबखाली उभा असतो तो बिगारी. त्या बिगाऱ्याला इंग्रजी येत नाही, हा त्याचा दोष नव्हे. ज्याला आली पाहिजे होती त्याला ती अर्धवट आली, हा दोष. आणि ज्यांनी ती अर्धवट शिकविली, त्यांचाही.

म्हणूनच अभियंत्याचे भाषिक कर्तव्य दुहेरी आहे. वरून येणारा इंग्रजी कागद त्याने अचूक वाचला पाहिजे आणि खाली तो आशय गवंड्याच्या, फिटरच्या, बिगाऱ्याच्या भाषेत तितक्याच अचूकपणे पोहोचविला पाहिजे. ‘क्युअरिंग’ला आपल्याकडे ‘पाणी मारणे’ म्हणतात. पण सात दिवस पाणी का मारायचे, हे गवंड्याला कोणी सांगितले आहे का? सिमेंट वाळल्यामुळे घट्ट होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे होते. ओल गेली की ती क्रिया थांबते आणि काँक्रीट जन्मभर दुबळे राहते. एवढे मराठीत एकदा सांगितले की, मुकादमाने मागे उभे राहण्याची गरज उरत नाही. स्वभाषा अभियांत्रिकीत कोठे कामाची, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर, २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिक्षणाला अनुमती दिली. त्यांत मराठीही आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र त्याचा अर्थ ‘आता इंग्रजी नको’ असा कोणी लावू नये. संकल्पना मातृभाषेत पक्की झाली, तर इंग्रजी कागद वाचणे सोपे होते, कारण वाचणाऱ्याला विषय आधीच ठाऊक असतो. विषयही अनोळखी आणि भाषाही अनोळखी, हे दुहेरी ओझे उतरविणे एवढेच मराठी माध्यमाचे प्रयोजन. इंग्रजीतून सुटका हा त्याचा हेतू मानला, तर पदवी हाती येईल पण निविदा वाचता येणार नाही.

मराठी परिभाषा बोजड आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. राज्याच्या भाषा संचालनालयाने स्थापत्य अभियांत्रिकी परिभाषा कोश सिद्ध केलेला आहे; त्यातील काही शब्द अवघड वाटतात हे खरे. पण शब्द अवघड वाटतो तो न वापरल्यामुळे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘महापौर’ हा शब्द दिला, तेव्हा तोही अनेकांना हास्यास्पद वाटला होता; आज त्याचे कोणाला काही वाटत नाही. त्याचबरोबर जो परका शब्द कष्टकऱ्यांच्या जिभेवर रुळला आहे, त्याला हुसकावण्याचा अट्टहासही नको. ‘स्लॅब’ हा आता खेड्यातल्या आजीचाही शब्द आहे. नवा शब्द घडवावा तो जेथे संकल्पना अडली आहे तेथे.

करावयाचे काय, हे त्यामुळे स्पष्ट आहे. तंत्रनिकेतनांतील ‘संभाषण कौशल्य’ हा विषय स्वतःची ओळख करून देणे आणि गटचर्चा यांतून बाहेर काढून खऱ्या कागदांवर आणला पाहिजे : एक आराखडा, त्यावरील टिपा, दैनंदिन प्रगती अहवाल, काँक्रीट भरण्यापूर्वीची तपासणी यादी, विलंबाची सूचना, कामाच्या परिमाणांचे पत्रक. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभरात असे पन्नास कागद वाचावेत, वीस लिहावेत आणि त्यांतील दहा मराठीत समजावून सांगावेत. या शेवटच्या कसोटीत जो उत्तीर्ण होईल त्यालाच इंग्रजी आली, असे समजावे.

पण सर्व काही शासनाने करावे, ही अपेक्षा समाजाच्या कर्तृत्वाला शोभणारी नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यातून, पाटबंधारे खात्यातून, रेल्वेतून निवृत्त झालेले अनुभवी अभियंते महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. करारातली कलमे त्यांना मुखोद्गत आहेत. पदविकेच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहेही तेथेच जवळ आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी दहा मुलांना घेऊन एक आराखडा उलगडून बसावयाचे, एवढ्याला ना इमारत लागते ना अनुदान. ज्या कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून अभ्यासिका चालविल्या, त्यांना हे अवघड नाही. मध्यमवर्गीय कुटुंबांनीही आपल्या मुलांच्या इंग्रजी उच्चारांची चिंता थोडी कमी करून, शेजारच्या वस्तीतल्या मुलाला करारपत्र वाचता येते का, याची चिंता थोडी अधिक केली पाहिजे.

जॉर्ज जर्व्हिस आणि नाना शंकरशेट यांनी जो आग्रह धरला होता, त्याला पावणेदोनशे वर्षे उलटून गेली. दरम्यान धरणे उभी राहिली, घाट फोडले गेले, समुद्रावर सेतू झाला. हे सारे ज्यांच्या हातांनी उभे राहिले, त्या हातांची मुले आता तंत्रनिकेतनांत येत आहेत. त्यांना इंग्रजी नाकारणे हा अन्याय आहे आणि इंग्रजीच्या धाकाने त्यांची अभियांत्रिकी नाकारणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. टेकू केव्हा काढायचा हे वाचता यावे आणि का काढायचा नाही हे सांगता यावे, एवढी इंग्रजी आणि एवढी मराठी प्रत्येक अभियंत्याजवळ असलीच पाहिजे.