चकाकतं ते अभ्रक

"आजी, तुला चिखलात हात घालायला आवडतं का?" नातीनं फोनवर असं विचारलं, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की, या खेपेला मायलेकींनी काहीतरी वेगळाच घाट घातलाय. २०२३च्या जूनमध्ये मी लेकीकडे शार्लटला गेले होते. नायगारा, न्यूयॉर्क वगैरे आईवडिलांना दाखवायची ठरलेली यादी आधीच्या दोन फेऱ्यांत संपलेली. म्हणून यंदा चक्क खाण!

नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेला ब्लू रिजची डोंगररांग आहे. तिथं लिटल स्वित्झर्लंड नावाचं चिमुकलं गाव, आणि त्याच्याजवळ एमराल्ड व्हिलेज. जुन्या खाणींचं संग्रहालय, आणि शेजारीच हौशी लोकांसाठी खडे शोधायची सोय. "आई, पाचू सापडला तर निम्मा माझा, पेट्रोल मी भरलंय," इति जावई.

खडे शोधायचे म्हणजे मातीनं भरलेली बादली विकत घ्यायची. लाकडी पन्हळीतून पाणी वाहत असतं. तिच्या कडेला बसायचं, चाळणीत थोडी थोडी माती घ्यायची आणि पाण्यात हलवत राहायचं. आपण रोवळीत तांदूळ धुतो ना, अगदी तसं. माझा हात लगेच बसला. थोड्याच वेळात नातीपुढे जांभळे, गुलाबी, हिरवे खडे जमले. पोरगी हरखून गेली होती.

मला मात्र शंका यायला लागली. एकाच डोंगरात इतक्या जातींचे खडे, आणि तेही प्रत्येकाच्या बादलीत? तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर असल्या शंका येतातच. मी तोंड उघडणार तोच लेकीनं डोळ्यांनीच खूण केली, गप्प बस. अशा ठिकाणी बादल्यांमध्ये बाहेरचे खडे मिसळलेले असतात, आणि ते कुणी लपवूनही ठेवत नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीला ते कशाला सांगा? बसले गप्प.

मग खाणीत गेलो. बाहेर ऊन, आत गार ओल, शालीची आठवण व्हावी इतकी. ही खाण बॉन अ‍ॅमी या घासायच्या पावडरच्या नावानंच ओळखली जाते. त्या पावडरीत लागणारा फेल्डस्पार इथून निघायचा. तो गारगोटीपेक्षा मऊ, म्हणून भांड्यांवर, काचेवर ओरखडे कमी पडतात. माझी आजी राखेनं भांडी घासायची, त्याच काळात तिकडच्या बायकांसाठी हे लोक डोंगर फोडत होते! चिनी मातीची भांडी, बेसिन, काच, सगळ्यात हाच फेल्डस्पार. नाव एमराल्ड व्हिलेज, पण या डोंगरानं माणसांना पोसलं ते पाचूंनी नव्हे. फेल्डस्पार, गारगोटी आणि अभ्रकानं.

अभ्रक म्हटल्यावर मी थबकलेच. आमच्या घरी इस्त्री बिघडली की हे ती उघडून बसायचे. आत तार गुंडाळलेला अभ्रकाचा पातळ पत्रा असायचा, आणि तुटलेले तुकडे मुलं खेळायला पळवायची. दुसऱ्या महायुद्धात रेडिओसाठी, विमानांसाठी अभ्रक फार लागायचं. या डोंगरांतल्या अभ्रकाच्या कारखान्यांतून बायका हातात सुरी घेऊन त्याचे पापुद्रे सोडवत, कडा कापत बसायच्या. पापडासारखे पातळ पापुद्रे, पण ते अखंड निघायला हवेत. बोटांची नजाकत लागते, म्हणून बायका. हे 'म्हणून' मला नेहमी खटकतं. नजाकत लागते, म्हणून मजुरी जास्त, असं कधी कुणी म्हणालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

बाहेर आल्यावर नातीनं पायवाटेवरून एक चकाकता तुकडा उचलला. नखानं सोलला, तर त्याचा पापुद्रा निघाला. "आजी, हा इथलाच ना? खराखुरा?" म्हटलं, हो. मग हळूच म्हणाली, "बादलीतले मिक्स केलेले असतात. तिथं लिहिलंय. पण मम्माला वाटतंय मला माहीत नाही, म्हणून मी काही बोलले नाही."

आता बोला!

रात्री तिला सांगितलं की, असंच अभ्रक आपल्याकडे झारखंडात, कोडरमा-गिरिडीहला निघतं. एके काळी जगभर जायचं. १९८०च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या बऱ्याच खाणी बंद पडल्या, पण अभ्रक निघायचं थांबलं नाही. लोक सोडलेल्या खाणींतून, ढिगाऱ्यांतून तुकडे वेचतात. ढिबरा म्हणतात त्याला. त्यात बायका असतात आणि तिच्या वयाची मुलंही. २०१६मध्ये रॉयटर्सनं शोध घेतला, तेव्हा दोन महिन्यांत सात मुलं त्या बिळांमध्ये दगावल्याचं उघड झालं होतं. हे शेवटचं तिला सांगितलं नाही. लेकीनं खूण करायची गरज पडली नाही.

"त्या मुलांनी वेचलेल्याचं काय करतात?" तिनं विचारलं. मी तिच्या ओठांकडे बघितलं. वाढदिवसाला मैत्रिणीनं दिलेलं चमचमतं लिप ग्लॉस. डबी उलटी करून भिंगातून वाचलं, घटकांच्या यादीत होतंच: मायका. लिपस्टिक, आयशॅडो, नेलपॉलिश, सगळ्यांची चमक बहुतेक वेळा याचीच. आता कुठलं अभ्रक कुठून आलं, हे डबीवर कुठे लिहिलेलं असतं?

घेणंच बंद करावं, असं मलाही आधी वाटलं. पण मग त्या मुलांच्या आयांनी चूल कशावर पेटवायची? मोठ्या माणसांना कायदेशीर खाणीत रीतसर मजुरी मिळाली, तरच मुलं शाळेत जातील. यासाठी सरकारच्या आणि कंपन्यांच्या मागे कुणीतरी लागायला हवं, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे पर्स उघडून पैसे देणाऱ्या आपणच. दुकानात शेड जुळवायला आपण अर्धा तास घालवतो. त्यातली दोन मिनिटं 'हे कुठून येतं हो?' असं विचारायला काढता येतात. विक्रेती मुलगी गोंधळते. गोंधळू दे. दहाजणींनी विचारलं तर ती वर विचारेल.

२०२४च्या सप्टेंबरअखेर हेलीन वादळानं त्या डोंगराळ भागाची दैना केली. जवळच्याच स्प्रूस पाइनची अतिशुद्ध गारगोटी कॉम्प्युटरच्या चिप बनवताना लागते. तिथल्या खाणी थांबल्या, तर जगभरचे कारखाने धास्तावले. नातीला मात्र काळजी पन्हळीची. वाहून गेली असेल का गं, आजी?

बादलीतले खडे तिनं कधीच मैत्रिणींना वाटून टाकलेत. अभ्रकाचा तुकडा तिच्या टेबलावर आहे. आणि लिप ग्लॉसच्या कंपनीला तिनं एक ईमेल पाठवलंय. आईला न विचारता, स्वतःच्या भाषेत: तुमचा मायका कुठून येतो, आणि तो कोण वेचतं? दोनदा पाठवून झालंय. अजून उत्तर आलेलं नाही.