शेरा नसला तरी

पाणमोट सांगून फुटत नाही. पाणी ॲप्रनवर येते, तोंडावर उडते, चपलेत शिरते. त्या क्षणी केसपेपर चाळायला कुणाला सवड असते? तरीही अनेक लेबर रूममध्ये आपले संरक्षण केसपेपरवरच ठरते. ‘एचआयव्ही रिॲक्टिव्ह’ असा शेरा दिसला की गॉगल, मास्क, गमबूट, दुहेरी ग्लोव्ह्ज निघतात. शेरा नसला की ग्लोव्ह्जच्या एका जोडीवर भागवले जाते.

ही सवय मोडली पाहिजे. चाचणी बहुधा गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेली असते. लागण त्यानंतरही होऊ शकते, आणि ती अगदी ताजी असेल तर चाचणीत दिसत नाही. काही जणी तर नाव न नोंदवता थेट कळा घेऊनच येतात. उलट जिचे निदान झाले आहे, जी एआरटीच्या गोळ्या नेमाने घेते, तिच्या रक्तात विषाणू अत्यल्प असू शकतात. मग तिला कोपऱ्यातली खाट देऊन आपण साधतो काय? तिचा अपमान तेवढा होतो. खबरदारी प्रत्येक बाळंतपणात सारखीच हवी.

सर्वांत जपायचे ते टाके घालताना. उमेदीच्या काळात एका पहाटे, अपुऱ्या उजेडात, सुईचे टोक बोटाने चाचपताना ते माझ्या डाव्या तर्जनीत घुसले. मी हात धुतला, ग्लोव्ह्ज बदलले, उरलेले टाके घातले आणि गप्प बसले. विषाणूपेक्षाही मला भीती होती ती ‘धांदरट’ म्हणवून घेण्याची.

आज मी तसे करणार नाही, तुम्हीही करू नका. सुई नीडल होल्डरने धरा, टोक चिमट्याने पकडा, वापरलेल्या सिरिंजला टोपण पुन्हा लावू नका. टोचलेच तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास लागणीचा धोका हजारात सुमारे 3 आहे. प्रतिबंधक औषध, म्हणजे पीईपी, शक्यतो 2 तासांत सुरू व्हावे. 72 तासांनंतर त्याचा उपयोग उरत नाही. ते 28 दिवस घ्यायचे असते. हिपॅटायटिस बीचा धोका त्याहून कितीतरी मोठा, पण त्यावर लस आहे. तिचे तिन्ही डोस झालेत ना, हे पाहा.

पण सारा भार सिस्टरच्या सावधपणावर टाकून चालणार नाही. खबरदारीची साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि पीईपी पुरवणे 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आरोग्यसंस्थांवर बंधनकारक केले आहे. गॉगल मागणे म्हणजे तक्रार नव्हे, तो आपला हक्क आहे. आणि इन्चार्ज सिस्टरांनो, टोचल्याचे सांगायला आलेल्या मुलीला आधी खुर्ची द्या. ‘लक्ष कुठे होते?’ हा प्रश्न गिळून टाका.

आजच्या पाळीला एवढे करा: पीईपीची औषधे कोणत्या कपाटात आहेत आणि रात्री दोन वाजता त्याची किल्ली कुणाकडे असते, ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर कामाला तिथूनच सुरुवात करायची आहे.