गुण सारखे, मग कच्चे कोण?

परदेशातून आलेला विद्यार्थी म्हणजे अभ्यासात कच्चा, हा समज युरोपातील बिझनेस स्कूलमध्ये वर्षानुवर्षे मुरलेला आहे. भाषा अडते, वर्गात तोंड उघडत नाही, आपल्याच देशातल्या मुलांच्या घोळक्यात राहतो. तेव्हा तो मागे पडणारच! या समजाला आधार काय, असे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

नेदरलँड्समधील पाच बिझनेस स्कूलच्या ९५८ विद्यार्थ्यांची पाहणी बार्ट रिएन्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केली. तिच्यात पाश्चात्त्य देशांतून आलेली मुले डच मुलांपेक्षाही सरस ठरली. आणि पाश्चात्त्येतर मुले? ती इतर परदेशी मुलांच्या मानाने तिथे कमी रुळली होती, तरीही अभ्यासात मागे नव्हती. शिवाय एकूण पाहता, समाजजीवनात अधिक रमणाऱ्यांची अभ्यासातील कामगिरी कमी भरण्याकडे कल दिसला. (हॉस्टेलच्या पार्ट्या पाहिलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.)

आम्हाला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. अभ्यासाच्या वातावरणात कोण किती रुळला, यावरून डच व पाश्चात्त्य मुलांच्या यशाचा अंदाज बांधता आला. पाश्चात्त्येतर मुलांना तो ठोकताळा लागूच पडला नाही. म्हणजे ही मुले पास कशाच्या बळावर होतात, हे त्यांच्याकडून भरभक्कम फी घेणाऱ्या संस्थांनाही नीट उमगलेले नाही. आणि तरीही 'परदेशी विद्यार्थी' अशी एकच मोट बांधून सरासरी काढायची! जर्मनीहून आलेला आणि नांदेडहून गेलेला एकाच रकान्यात.

बिझनेसच्या अभ्यासक्रमात गटाने प्रकल्प करावे लागतात आणि गुण बहुधा साऱ्या गटाला एकच मिळतो. गट पाडण्याचे मुलांवर सोडले, तर ओळखीचे ओळखीच्याला धरतात. उरलेल्यांचा गट होतो. त्या गटात कोणी काय शिकले, ते गुणपत्रिकेवर उमटत नाही.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आपलीही मुले अशा वर्गांत जाऊन बसतात. शासन पाठवताना त्यांचे गुण पाहते, विद्यापीठाची जागतिक क्रमवारी पाहते. पण तिथे पहिल्या सहामाहीत त्यांना गटात कोणी घेतले की नाही, हे विचारणारा रकाना कोणत्या अर्जात आहे?