भाच्याचा कोर्स

कोजागरीला सुरतेला गेलो होतो. आपल्या गोव्यातल्या माणसाला सुरत ठाऊक असते ती शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातली. १६६४ आणि १६७०, महाराजांनी दोनदा लुटलेली. त्यापलीकडे आपण जात नाही. मला ती थोडी अधिक ओळखीची झाली ती बहिणीमुळे. तिचं सासर मूळचं नंदुरबारकडचं. सासरे गिरणीत नोकरीला म्हणून उधन्याला आले आणि तिथलेच झाले. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत फिरताना आपण गुजरातेत आहोत हे दुकानांच्या पाट्या वाचल्यावरच लक्षात येतं. कानांवर पडते ती अहिराणी, नाहीतर मराठी.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतकर चांदनी पडवो साजरा करतात. त्या दिवशी घारी खायची. तुपात घोळवलेला, माव्याने भरलेला तो पदार्थ एक खाल्ला की दुसरा खायची हिंमत होत नाही. तर त्या रात्री गच्चीवर सगळे घारी खात बसलेले असताना भाचा तेवढा कोपऱ्यात, कानांत इअरफोन घालून मोबाइलकडे बघत होता. मला वाटलं क्रिकेट असेल. जवळ जाऊन पाहिलं तर पडद्यावर एक दाढीवाला तरुण हातवारे करून काहीतरी समजावत होता आणि खाली लिहिलं होतं, ‘धडा सातवा : ती उत्तर देत नसेल तर’.

भाचा २९ वर्षांचा. रिंग रोडवरच्या कापड मार्केटात एका साडीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळतो. निर्व्यसनी, पगार बरा, स्वतःचं दोन खोल्यांचं घर. तीन वर्षं स्थळं बघणं चाललंय. कांदेपोह्यांचे अठरा कार्यक्रम झाले, अठराही ठिकाणांहून नकार आला, तोही बऱ्याचदा कुणा तिसऱ्याच्या तोंडून. मग त्याने मोबाइलवर ओळखी जुळवणारं एक ॲप घेतलं. तिथेही कुणी बोलेना. शेवटी पुरुषांना ‘डेटिंग’ शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स २,९९९ रुपये भरून घेतला. हे सगळं त्याने मला जिन्यात उभं राहून, खालच्या आवाजात सांगितलं आणि वर म्हणाला, “मामा, आईला सांगू नका.”

मी तिला सांगितलं नाही. उलट म्हटलं, चल, मलाही दाखव. पुढचे तीन दिवस, तो कामावरून आला की आम्ही मामा-भाचे तो कोर्स करत होतो. लग्नाला तीस वर्षं झालेला माणूस मुलीशी कसं बोलावं याचे धडे गिरवतोय! बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “करा, तुम्हाला गरज आहेच.”

आधी चांगलं सांगतो, कारण सगळं टाकाऊ नव्हतं. नखं कापा. मित्राच्या मोटारीला टेकून काढलेला फोटो लावू नका. पहिल्याच निरोपात ‘हाय डिअर’ लिहू नका, समोरच्या मुलीने स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि त्यावर एखादा प्रश्न विचारा. उत्तर आलं की ते नीट ऐका. यात चूक काय आहे? भाचा मात्र हे सगळं वहीत उतरवून घेत होता. ती वही बघून मला कसंतरीच झालं. समोरच्याला प्रश्न विचारावा आणि उत्तर ऐकावं, ही गोष्ट २९ वर्षांच्या मुलाला पैसे मोजून शिकावी लागते! घरात दोन बायका आहेत. तरी त्याने आईला जेवण आणि इस्त्री सोडून काही विचारल्याचं मी पाहिलेलं नाही. आणि त्याला विचारायला आम्ही कुणी शिकवलंही नाही.

पाचव्या धड्यापासून सूर बदलला. तुमची ‘किंमत’ वाढवा. उत्तर लगेच देऊ नका, तीन तास थांबा. कौतुक करताना हलकीशी खोच ठेवा, म्हणजे ती तुमच्या पसंतीसाठी धडपडेल. हे शहाणपण काही त्या दाढीवाल्याचं नव्हे. ही अमेरिकन विद्या आहे. नील स्ट्रॉस नावाच्या पत्रकाराने २००५ साली ‘द गेम’ हे पुस्तक लिहिलं आणि बायकांना ‘पटवण्या’च्या युक्त्या शिकवणाऱ्या मंडळींचं ते जग सगळीकडे माहीत झालं. ती खोच मारण्याची युक्ती त्यातलीच. याच स्ट्रॉसने दहा वर्षांनी, २०१५ साली, दुसरं पुस्तक लिहिलं ते स्वतःचं नातं कसं मोडकळीला आणलं आणि त्यासाठी उपचार कसे घ्यावे लागले याविषयी. आपल्याकडे पहिल्या पुस्तकातल्या युक्त्या पोहोचल्या, दुसऱ्या पुस्तकातली कबुली काही पोहोचली नाही.

या धड्यांमध्ये मुलगी म्हणजे एक कुलूप असतं. योग्य किल्ली लागली की उघडणारच. उघडलं नाही तर किल्ली चुकली, म्हणजे अजून एक कोर्स घ्या. सुरतेत हे ऐकताना एक गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. जगातल्या दर दहा हिऱ्यांतल्या नऊंना याच शहरात पैलू पडतात असं सांगतात. वराछा, कतारगामच्या कारखान्यांत घंटीवर बसून कारागीर एका हिऱ्याला सत्तावन्न पैलू पाडतात. तोच न्याय या कोर्सने मुलाला लावलाय. घासा, चमकवा, गिऱ्हाईक मिळेल. पण कितीही घासला तरी गिऱ्हाईकच नसेल तर?

आणि इथे मुद्दा येतो आकड्यांचा. २०११ च्या जनगणनेत सुरत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे आठशेहून कमी स्त्रिया होत्या. गोव्यात तेव्हा ९७३. सुरतेचा आकडा बघून लगेच ‘मुली मारल्या’ म्हणणंही बरोबर नाही. ओरिसातल्या गंजामहून, खान्देशातून, उत्तर प्रदेशातून लाखो पुरुष मागावर आणि मार्केटात काम करायला एकटे येतात, बायका गावी असतात. तो आकडा बराचसा त्यांचा आहे. पण दुसरा आकडा असा सुटत नाही. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे गुजरातेत ८८३ मुली होत्या, महाराष्ट्रात ९१३. ती मुलं आज पंचविशीत-तिशीत आहेत, म्हणजे आज लग्नाच्या बाजारात उभी आहेत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशाने १९९४ साली. आकडे मात्र त्यानंतरचे आहेत.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात जो मोर्चा निघाला तो आठवतो ना? बाशिंगं बांधलेले, घोड्यांवर बसलेले लग्नाळू तरुण वाजतगाजत थेट जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. आम्हाला नवरी मिळत नाही, सरकारने काहीतरी करावं. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हसले. मीही हसलो होतो. पण त्या निवेदनात गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडक राबवा अशीही मागणी होती. म्हणजे त्या घोड्यावरच्या मुलांना आपली अडचण कुठून आली ते कळलं होतं. कोर्सवाला तेच लपवतो. आधीच्या पिढीने सगळ्यांनी मिळून केलेलं पाप तो एकेका मुलाच्या खात्यावर मांडतो आणि सांगतो, खोट तुझ्यात आहे, २,९९९ भर.

मात्र मुली कमी म्हणून मिळत नाहीत, एवढंच म्हणून थांबलं तर तेही अर्धंच. आहेत त्या मुली आता विचार करतात. भाच्याच्या अठरा नकारांतल्या एका मुलीने कारण कळवलं होतं : तुमच्या घरी सून आल्यावर नोकरी सोडावी लागेल असं तुमच्या आई म्हणाल्या. माझी बहीण हे अजून मान्य करत नाही. भाच्याला ते त्या वेळी खटकलंही नव्हतं. चोवीस धड्यांच्या कोर्समध्ये ‘घरी जाऊन आईशी बोला’ असा धडा एकही नाही.

खरं तर असा कोर्स आपल्याकडे पूर्वीपासून होता, फक्त तो मुलींसाठी होता आणि फुकट होता. आत्या, मावश्या, शेजारणी चालवायच्या. पोहे घेऊन येताना मान खाली. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. चालून दाखव, गाणं म्हणून दाखव. उंची कमी असेल तर अमुक साडी, रंग सावळा असेल तर संध्याकाळची वेळ. माझ्या बहिणीने गोव्यात हा कोर्स पुरा केला तेव्हा मी घरातच होतो आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आता मुलग्यांवर ती वेळ आलीय. कुणी म्हणेल, बरी खोड मोडली. मला तसं म्हणवत नाही. मुलींना आक्रसायला शिकवलं, मुलग्यांना फुगायला शिकवतायत. दोन्हीकडे, आहे तसं समोर जायचं नाही हाच धडा.

आपण गोवेकरांनीही यात फार ताठ मानेने बसू नये. आपल्याकडे जत्रा आहेत, फेस्तं आहेत, उत्सवी नाटकांच्या तालमी आहेत, मुलं-मुली एकमेकांना दिसतात, बोलतात. हे खरं, आणि ते मोलाचं आहे. पण त्या कोर्समध्ये गोवा आला होता बरं का! शेवटचा धडा होता ‘गोवा ट्रिप’. शिकलात ते किनाऱ्यावर जाऊन वापरून बघा, तिथे मुली ‘मोकळ्या’ असतात. भाच्याने माझ्याकडे चोरून पाहिलं. मला राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. अनोळखी पर्यटकांचे, विशेषतः उन्हात पहुडलेल्या किंवा समुद्रात पोहणाऱ्यांचे, परवानगीशिवाय फोटो वा सेल्फी काढू नका असं आपल्या पर्यटन खात्याला जानेवारी २०२३ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं होतं. हे पाहुणे असं काय शिकून येतात असा प्रश्न मला पडायचा. आता त्याची वही पाहिली. आणि जाहिरातींतून गोव्याचं तसलं चित्र वर्षानुवर्षं आपणच विकलंय, हेही विसरता येत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खरी परीक्षा झाली. ॲपवरच्या एका मुलीशी त्याचं चार-पाच दिवस बोलणं चाललं होतं. पुस्तकांवर, तिच्या बँकेतल्या नोकरीवर. तिचा निरोप आला : तुम्ही चांगले आहात, पण मला यात पुढे जायचं नाही. भाच्याचा चेहरा उतरला. मग त्याने वही उघडली. सातवा धडा सांगत होता की असं उत्तर ही परीक्षा असते, ती तुमचा आत्मविश्वास तपासतेय, दोन दिवसांनी काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा लिहा.

मी काही बोलायच्या आत धाकटी भाची म्हणाली (तिला सगळं आधीपासूनच माहीत होतं हे आम्हाला तेव्हा कळलं), “दादा, मला कॉलेजात एक मुलगा असंच दोन दोन दिवसांनी लिहितो. मी तीनदा नाही म्हटलंय. आता मी बस बदलून जाते.”

घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. भाचा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, “कोण आहे तो?” ती म्हणाली, “ते नंतर. आधी तू तिला काय लिहितोस ते सांग.”

त्याने लिहिलं, ‘स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं. शुभेच्छा.’ आणि फोन बाजूला ठेवला. त्याला वाईट वाटलं होतं, ते लपत नव्हतं. जेवला नाही नीट. एकटेपणा खोटा नसतो. तो कोर्स विकणाऱ्याला त्याची नस बरोबर सापडलीय, म्हणून तर त्याचा धंदा चालतो. पण नकार आल्यावर रात्रभर वाईट वाटून घ्यावं आणि सकाळी मार्केटात कामाला जावं, एवढंच करायचं असतं, हे त्याला कुणीतरी पंधराव्या वर्षीच सांगायला हवं होतं. त्याच्या बापाने, नाहीतर मी, मामाने.

दुसऱ्या दिवशी निघताना बहिणीने घारीचा डबा बांधून दिला. स्टेशनवर सोडायला भाचा-भाची दोघंही आली होती. वाटेत तो तिला त्या बसबद्दल विचारत होता, ती सांगत होती, आणि तो मध्ये न बोलता ऐकत होता. मी पुढच्या सीटवर गप्प बसून होतो.

मडगावला उतरेपर्यंत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आपल्याकडे वयात आलेले मुलगे काही कमी नाहीत. ‘नाही’ कसं ऐकायचं, हे त्यांच्यातल्या किती जणांशी आपण बोललोय? मी तरी एकाशीही बोललो नव्हतो.