डोळ्यातला बहुरूपी

बहुरूपी दारात आला, की घरातली मुले ओसरीवर धावतात. पोलिसाचा वेष घालून तो दरडावतो, आपण हसतो आणि हातावर काही ठेवून त्याची बोळवण करतो. आज ज्या बहुरूप्याची ओळख करून द्यायची आहे, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो डोळ्यात शिरतो, आणि वेष घेतो साध्या सुजेचा. असतो मात्र कर्करोग! १९६७ साली फ्रेडरिक थिओडोर या अमेरिकी नेत्रवैद्याने असे दाखवून दिले, की डोळे आले म्हणून दीर्घकाळ औषध चाललेला विकार कधी कधी डोळ्यावरील पातळ आवरणाचा कर्करोग निघतो. अशा सोंगाड्या रोगांना नेत्रवैद्य आज ‘मास्करेड सिंड्रोम’ म्हणतात.

भिवंडीच्या कामतघरसारख्या वस्तीत हे सोंग सहज खपून जाते. मागांवरून उडणारे सुताचे तंतू, रस्त्यावरची धूळ; डोळा लाल झाला, की घरातले म्हणणार, “काही गेले असेल.” दुकानातून थेंब येतात, लाली उतरते. बहुतेक वेळा प्रकरण खरोखर एवढेच असते, तेव्हा उगाच धास्ती घेऊ नका. पण समजा, वऱ्हाळा तलावाजवळच्या एखाद्या घरात तीन पिढ्या एकत्र नांदत आहेत. या बहुरूप्याचे तिघांसाठी तीन निरनिराळे वेष आहेत.

पहिला वेष बाळासाठी. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. डोळा लाल होतो, कधी भोवताली सूज येते, आणि जंतूंचा संसर्ग समजून औषध चालू होते. खरी खूण बाहुलीत असते: ती मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमकते, किंवा मूल नव्याने तिरळे पाहू लागते. दिवाळीत घरोघर फोटो निघतील. फ्लॅशच्या उजेडात एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी चमक दिसली, तर फोटो पुसून टाकू नका. तो घेऊन नेत्रवैद्याकडे जा. ती चमक मोतीबिंदूची असेल, नुसती कॅमेऱ्याच्या कोनाचीही असेल. पण ते ठरवणे आपले काम नव्हे.

दुसरा वेष आजीसाठी. पापणीवर रांजणवाडी येते, शेकून बसते, आणि पुन्हा त्याच जागी उठते. तिथल्या पापणीचे केस गळतात. ही पापणीच्या तेलग्रंथींचा कर्करोग असू शकते. उतारवयात त्याच जागी पुन्हा आलेली गाठ काढली, तर तो तुकडा टाकून न देता सूक्ष्मदर्शकाखाली तपासलाच पाहिजे.

तिसरा वेष आजोबांसाठी. डोळ्यांपुढे माश्या तरंगतात, धुरकट दिसते, दुखत मात्र नाही. डोळ्याच्या आतला दाह म्हणून स्टेरॉइड मिळते आणि चार दिवस बरे वाटते. हा लिम्फोमा असला, तर पुढे तो मेंदूतही आढळू शकतो.

आता खरी मेख ऐका. स्टेरॉइडने लाली उतरली, म्हणजे निदान बरोबर होते असे सिद्ध होत नाही. लिम्फोमाच्या पेशीही त्या औषधाने काही काळ दबतात. मग डोळ्यातले पाणी तपासले तरी त्या सापडत नाहीत. म्हणून दुकानातून परस्पर थेंब आणू नयेत, आणलेच असतील तर ती बाटली डॉक्टरांना दाखवावी. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. आणि औषध थांबताच दुखणे परत आले, तर तीच चिठ्ठी पुन्हा दुकानात न नेता विचारावे, “डॉक्टर, हे दुसरे काही असेल का?” या प्रश्नात कोणाचाही अपमान नाही.

बाळाच्या रोगात वेळेला सर्वाधिक मोल आहे. रोग डोळ्यापुरता असतानाच जिथे नीट उपचार होतात, तिथे १०० पैकी ९५ हून अधिक मुले वाचतात. औषधे, लेसर, अतिशीत उपचार यांनी पुष्कळदा डोळाही वाचतो. पण कधी डोळा काढावा लागतो, आणि इथेच आईबापांचा धीर सुटतो. “एवढ्याशा लेकराचा डोळा?” म्हणत एखादे घर महिनोन्‌महिने अंगारे-धुपाऱ्यांत घालवते आणि रोग डोळ्याबाहेर पडतो. कृत्रिम डोळा बसवता येतो, मूल शाळेत जाते, पतंगही उडवते. गेलेले मूल परत आणता येत नाही. हा रोग काही घराण्यांत आनुवंशिक असतो, म्हणून धाकट्या-थोरल्या भावंडांचे डोळेही तपासून घ्यावेत.

कामतघरहून परळ काही परमुलूख नव्हे. ठाणे गाठले, की पुढे लोकल आहे, आणि तिथे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. आधी जवळच्या नेत्रवैद्याला दाखवावे, आणि त्यांनी पुढे पाठवले, तर सणाची सबब सांगू नये. पणत्या पुढच्या वर्षीही लावता येतील.