शर्यत सगळ्यांची, मग रेकॉर्डिंग एकट्याचं का?

माझा पुतण्या कॉम्प्युटरवर ऑनलाइन कार रेसिंगची लीग खेळतो. शर्यत संपली की रिप्लेची फाइल ग्रुपवर येते. ती साधी व्हिडिओ नसते, कोणती गाडी कोणत्या क्षणी कुठे होती याची नोंद असते. कुणीही कुणाच्याही गाडीत 'बसून' बघतो. कुणी कुणाला ठोकलं, ते घरबसल्या कळतं.

आता आपल्या बैलगाडा शर्यती घ्या. 16 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टाने सशर्त परवानगी दिली, 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. शर्यतीचं चित्रीकरण करून प्रशासनाला द्यायचं, हे नियमातच आहे. म्हणजे रेकॉर्डिंग असतं. जोडीवाल्याला मात्र ते मिळत नाही.

मागच्या हंगामात तालुक्यातल्या एका शर्यतीत निकालावरून चांगलीच बाचाबाची झाली. मी तिथेच होतो. पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं, तर "बघू ना भाऊ". संध्याकाळी व्हॉट्सॲपवर दहा सेकंदांची क्लिप फिरली. शेवटची रेषा येण्याआधीच कापलेली!

एक आयोजक खासगीत म्हणाला, सगळं बाहेर गेलं तर कुणी तक्रार करेल. खरं आहे. क्रूरतेला पाच लाखांपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण बैलाला टोचलंच नसेल तर घाबरायचं कशाला? वर्षभर पोटच्या पोरासारखी जोडी सांभाळणाऱ्याला आपण का हरलो, एवढं तरी बघू द्या की.

पुढच्या शर्यतीच्या परवानगीतच लिहा: पूर्ण फाइल त्याच संध्याकाळी प्रत्येक जोडीवाल्याला. पेनड्राइव्ह कमी पडले तर माझ्याकडून न्या.